कोपरा फाटलेलं पाकीट

आमच्याकडं मरणाची बातमी पत्रानं कळवायची झाली तर त्या पत्राचा एक कोपरा फाडतात आणि मगच ते पेटीत टाकतात. पांढुर्ण्यात ही रीत आहे, सौसरात आहे, आणि जाम नदीच्या पलीकडं सावरगावात तर इतकी पक्की आहे की डाकवाला असं कार्ड कोणाच्या हातात देतच नाही. अंगणाच्या कडेला ठेवतो आणि सायकल वळवून निघून जातो. मग घरातला कर्ता माणूस ते उचलतो, उघड्या आभाळाखाली उभं राहून वाचतो, वाचून झालं की तिथंच तुकडे करतो आणि डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय घरात पाय ठेवत नाही. असलं पत्र छपराखाली उघडायचं नाही, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ज्याला अक्षर येत नाही तोही फाटका कोपरा पाहिला की मटकन खाली बसतो.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की गुणवंता धोटेला असं पाकीट मिळालं ते सावरगावच्या अंगणात नाही, जपानात मिळालं.

सन पासष्टचा जानेवारी चालू होता. गुणवंता मध्य प्रदेश सरकारच्या शेतकी खात्यात होता आणि खात्यानं त्याला सहा महिन्यांसाठी संत्र्याच्या शिक्षणाला टोकियोला धाडलं होतं. भिवाजी धोट्याचा पोरगा विमानात बसला म्हणून सावरगाव आठ दिवस दुसरं काही बोललं नव्हतं. त्या दिवशी बारा जणांच्या तुकडीला शिझुओका नावाच्या जिल्ह्यात न्यायचं होतं, तिकडं डोंगराच्या उतारावर संत्र्याचे बगीचे आहेत. आणि न्यायचं होतं त्या नव्या गाडीनं. तासाला दोनशे किलोमीटर पळणारी ती गाडी सुरू होऊन चारच महिने झाले होते आणि साऱ्या जगाच्या तोंडी तिचंच नाव होतं. गुणवंतानं महिनाभर आधीच घरी लिहून टाकलं होतं की मी त्या गाडीत बसणार आहे.

सकाळी सातला तो वसतिगृहाच्या दारात बूट चढवत होता, तेवढ्यात तिथला म्हातारा पहारेकरी समोर आला. एरवी हा माणूस मोठा हसरा. त्या दिवशी त्यानं दोन्ही हातांनी एक पाकीट पुढं केलं, कमरेत पार खाली वाकला आणि जमिनीकडं बघत हळू आवाजात काहीतरी बोलला. गुणवंताला त्यांची भाषा कळत नव्हती. घरची पत्रं आजवर शिक्षणकेंद्राच्या दफ्तरात यायची, तिथून दुपारी वाटली जायची. हे पहिलंच पत्र थेट वसतिगृहावर आलेलं. पाकिटावर प्रभाकर गुरुजींचं वळणदार अक्षर होतं, पांढुर्ण्याच्या शाळेतले गुरुजीच भिवाजींची पत्रं लिहून द्यायचे. आणि पाकिटाचा एक कोपरा फाडलेला होता.

आता अशा वेळी माणसाचे हातपाय गळतात, तोंडचं पाणी पळतं, असं आपण म्हणतो. गुणवंताचं तसं काही झालं नाही. विहिरीत बुडी मारल्यावर कान बंद होतात तसे कान बंद झाले, एवढंच. त्यानं दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. गाठ सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा बांधली. म्हातारा अजून वाकलेलाच होता. याला आधीच कळलं असणार, दफ्तरातल्या कोणी सांगितलं असणार, असं गुणवंताच्या मनात आलं आणि त्यानंही मान खाली घातली. मग पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवून तो बाहेर आला.

बाहेर अंगण होतं, वर उघडं आभाळ होतं. वाचायचं तर तिथं उभं राहून वाचता आलं असतं. पण बस उभी होती, अकरा जण आत बसलेले होते आणि त्या देशात अर्ध्या मिनिटाचा उशीर म्हणजे माणसाची अब्रू जायची. आणि खरं बोलायचं तर बस हे निमित्त होतं, गुणवंता भ्याला होता. पाकीट उघडेपर्यंत घरात कोणीच मेलेलं नव्हतं आणि सगळेच मेलेले होते. तो बसमध्ये चढला. बसला छप्पर असतं, म्हणून तिथं ते उघडायचं नव्हतं, हे त्याला बरं वाटलं.

तुकडीत दुसरा मराठी माणूस एकच, अरविंद. तो काटोलचा. काटोल पांढुर्ण्याहून किती दूर, तर सकाळी भाकरी बांधून निघालं तर जेवायच्या आत पोचावं. दोघं नागपूरच्या शेतकी कॉलेजात एका बाकावर बसलेले, एकाच दिवशी एकाच खात्यात लागलेले. तेव्हा राज्य एकच होतं. मग छप्पन साली दिल्लीनं नवे नकाशे काढले, नागपूर-काटोल मुंबई राज्यात गेले, आणि पांढुर्णा-सौसर, बोलायला मराठी असून, मध्य प्रदेशात राहिले. नोकरदारांना कागद वाटले, कोणत्या राज्याच्या नोकरीत राहता ते लिहा. अरविंदनं नागपूर लिहिलं. आता त्याला महाराष्ट्र सरकारनं पाठवलं होतं, गुणवंताला मध्य प्रदेशानं, आणि दोघांच्या छातीवरच्या बिल्ल्यांवर एकच देश लिहिलेला होता.

स्टेशनावर गाडी पाहून अरविंदचा तोंडाचा पट्टा जो सुरू झाला तो थांबेचना. पांढरीशुभ्र गाडी, निळा पट्टा, नाक लांब आणि गोल. अमक्या डब्यात वेग दाखवणारं घड्याळ आहे, तमक्या बाजूला बसलं की बर्फाचा डोंगर दिसतो, हे सगळं त्यानं आधीच विचारून ठेवलं होतं. त्यानं गुणवंताला खिडकीची जागा दिली. घरी वडलांना सांगायला होईल तुला, म्हणाला. आता याला काय ठाऊक. गुणवंता खिडकीशी बसला आणि समोरच्या खुर्चीच्या पाठीवर घातलेल्या पांढऱ्या फडक्याकडं पाहत राहिला. फडक्याच्या शिवणीत एक टाका सुटलेला होता.

गाडी हलली ते त्याला कळलं नाही. धक्का नाही, शिट्टी नाही, कोळशाचा कण डोळ्यात जायचं भय नाही. खिडकी उघडतच नव्हती. सौसरची लहान लाईन तर अशी की रामाकोन्याजवळ चढ लागला की लोक उतरून बाजूनं चालतात आणि वर जाऊन पुन्हा बसतात. हिच्यात चालतेय का थांबलीय तेच समजेना. अरविंद ते वेगाचं घड्याळ पाहून आला आणि म्हणाला की शंभर झाले. मग म्हणाला की दीडशे. गुणवंतानं हं म्हटलं. खिशातलं पाकीट बरगडीला लागत होतं, आणि शरीरात तेवढी एकच जागा जागी होती.

मग त्यानं एकेक माणूस घेतलं.

आधी माय. मनकर्णाबाईला दमा. थंडीत तिची छाती वाजते, रात्र रात्र भिंतीला टेकून बसून काढते. जानेवारी महिना आहे, होऊ शकतं. पण मायचं तोंड डोळ्यांपुढं आलं आणि त्यानं ते बाजूला सारलं. माय नाही. ती गेली असती तर आपल्याला इथं काहीतरी कळलं असतं, असं काहीतरी पोरकट त्यानं स्वतःला सांगितलं आणि ते स्वतःलाच पटवून घेतलं.

मग वच्छला, त्याची बायको. ती सौसरला माहेरी गेलेली, आठवा महिना चालू. जयश्रीच्या वेळी ती मरता मरता वाचली होती, सुईणीनं आशा सोडली होती. हे नाव मनात आलं तेव्हा त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. वच्छला नको. जयश्री तर नकोच. सहा वर्षांची पोर, तिनं मागच्या पत्रात कागदावर स्वतःचा पंजा ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली होती आणि खाली लिहिलं होतं, एवढी मोठी झाली. तिच्यापाशी मन गेलंच नाही, वाटेतूनच माघारी आलं.

आता राहिले बाबा.

भिवाजी धोटे सत्तरीचे. काठीशिवाय ताठ चालणारे. भुवईवर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून चालणाऱ्या गोटमारीतल्या दगडाची जुनी खूण, दर शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला हजेरी, दोनशे झाडांच्या संत्र्याच्या बगीच्यात दिवसभर राबणं. आजारी पडलेले कोणी पाहिले नव्हते. पण सत्तरी म्हणजे सत्तरी. माणूस बसल्या जागी जातो. आणि वय झालेलं माणूस गेलं तर लोक सोनं झालं म्हणतात. गुणवंतानं मनात भिवाजींचं नाव घेतलं आणि ते बाजूला सारलं नाही. असू दे, म्हणाला. कोणी जायचंच असेल तर बाबा असू दे.

एवढं म्हटल्यावर त्याला मोकळं वाटलं. हे लिहायलाही बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं. श्वास खाली उतरला, मांड्यांखालचे हात निघाले. मधल्या वाटेपलीकडच्या खुर्चीवर एक जपानी म्हातारी बसली होती, तिनं पिशवीतून लहानसं संत्रं काढून त्याला दिलं. सालीला हात लावला की निघून यावी असं ते संत्रं. ज्याच्या शिक्षणासाठी सरकारनं सहा महिने धाडलं ते फळ त्यानं सोललं, खाल्लं, आणि ते गोड होतं का आंबट हे हातात नुसती साल राहिली तेव्हाही त्याला सांगता आलं नसतं.

भिवाजींवर त्याचा राग होता. बापावर राग आहे असं आमच्याकडं कोणी उघड म्हणत नाही, पण होता. छप्पन साली तो कागद घेऊन तो सावरगावला आला तेव्हा त्याला नागपूर लिहायचं होतं. भिवाजी खाटेवर बसले होते. जमीन इथं, बगीचा इथं, आपलं गाव ज्या राज्यात त्याच राज्याचं नाव लिही, म्हणजे घरापाशी राहशील, असं ते म्हणाले. गुणवंतानं बापाचं ऐकलं. सरकारनं त्याला पहिल्यांदा रीव्याला टाकलं, मग शहडोलला, मग बस्तरात. आठ वर्षांत तो घरापाशी राहिला असेल तो दिवाळीचे चार दिवस. अरविंद नागपूरला नोकरी करी आणि शनिवारी काटोलला आईच्या हातचं जेवायला जाई. गुणवंतानं बदलीसाठी अर्जावर अर्ज केले. घरगुती अडचण, घरगुती अडचण. प्रत्येक अर्जावर भोपाळहून तेच उत्तर यायचं, कारण पुरेसं नाही.

आणि आता कारण मिळालं होतं.

गाडी एका बोगद्यात शिरली, कानात दडे बसले, आणि त्या अंधारात गुणवंताच्या डोक्यात अर्ज आपोआप उमटायला लागला. घरात, शेतात, स्वप्नातही तो मराठी बोलायचा, पण अर्ज हिंदीतच यायचा, आठ वर्षांची सवय. सेवा में, श्रीमान संचालक महोदय, कृषि विभाग, भोपाल. सविनय निवेदन है कि प्रार्थी के पिता श्री भिवाजी धोटे का दिनांक अमुक को स्वर्गवास हो गया है. तारखेची जागा त्यानं मोकळी सोडली, ती पाकिटात असणार होती. घर में वृद्ध माता, पत्नी एवं संतान की देखभाल करने वाला प्रार्थी के अतिरिक्त कोई नहीं है. अतः प्रार्थी का स्थानांतरण पांढुर्णा अथवा सौसर किया जाए. अर्ज चांगला उतरला होता. आजवरच्या साऱ्या अर्जांत हा एक असा होता की ज्याला भोपाळात नाही म्हणता येणार नव्हतं.

तेवढ्यात डब्यात एकदम हालचाल झाली. माणसं उठून उजवीकडच्या खिडक्यांशी गेली, म्हातारी उठली, अरविंदनं गुणवंताचा खांदा हलवला. बर्फाचा डोंगर आला होता. पायथ्यापासून शेंड्यापर्यंत एक ढग नाही, असा रोज दिसत नाही म्हणे. गुणवंता त्या घटकेला स्वर्गवास लिहावं का देहावसान लिहावं याचा विचार करत होता. देहावसान जरा भारी दिसतं, साहेबावर छाप पडते. त्यानं ते ठरवलं तोवर माणसं परत जागेवर येऊन बसली होती. अरविंद म्हणाला की दोनशे चालू आहे, पाहिलंस का. गुणवंता म्हणाला, पाहिलं.

शिझुओकाला गाडी ठरल्या मिनिटाला थांबली. बाकीचे फलाटावर फोटो काढू लागले. गुणवंता जिना उतरून थेट स्टेशनाबाहेर गेला. तिथं सायकली लावायची मोकळी जागा होती, वर छप्पर नव्हतं. त्यानं घड्याळात पाहिलं, बस यायला दहा मिनिटं होती. आंघोळ रात्री करावी लागेल, तोवर कोणाला शिवायचं नाही, असंही त्यानं ठरवून टाकलं. आणि पाकीट फोडलं.

"चिरंजीव गुणवंताले भिवाजीचा आशीर्वाद. मी जसा बोलून राहिलो तसंच गुरुजी लिहून राहिले. इकडं सारे खुशाल हायेत."

त्यानं ही ओळ तीनदा वाचली. मग पुढं वाचलं.

"तुह्या मायचा दम यंदा कमी हाय. सुनेले मी परवा सौसरले जाऊन पाहून आलो, तब्येत चांगली हाय. जयश्री पाटीवर तुहं नाव लिहिते. बगीच्याचं पानी तोडून ताण देऊन ठेवला, फूल चांगलं येईन. एक गोष्ट तुले न इचारता केली. भोपाळले जाऊन आलो. मोठ्या सायबाले सांगतलं का माह्या पोरानं नागपूर लिहिलं असतं, मीच त्याले अडवलं, चूक माही हाय, सजा त्याले होऊन राहिली. मी अजून धडधाकट हावो, मले कोनाची चाकरी नाही पायजे. पन जितेपनी पोराले डोळ्यापुढं पाहू द्या. सायबानं दरखास्त ठेवून घेतली. होईन का नाही ते सांगता येत नाही.

"दुसरं असं का तू त्या गाडीत बसशीन तवा झोपजो नको. खिडकीपाशी बसजो. आपल्या टेशनावर जी मेल थांबत नाही ते मी रोज फाटकापाशी उभा राहून पायतो. थांबत नाही त्या गाडीतून आपल्यासारखे मानसं कसे दिसत असतीन, ते मले लय दिवसापासून पाहाचं हाय. तू माह्याकरता पाहून ठेवजो. आल्यावर सांगजो."

खाली निळ्या शाईनं भिवाजींचा अंगठा होता.

गुणवंताला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. त्याचे हात मात्र रीत पाळत होते. त्यानं पाहिलं तेव्हा पाकिटाचे चार तुकडे झालेले होते आणि पत्राला सुरुवात व्हायची होती. तो थांबला. पत्र घडी करून खिशात ठेवलं. घरी सगळे जिवंत होते, म्हणजे आनंदच व्हायला हवा होता. त्यानं आनंदाची वाट पाहिली. त्याच्या जागी ते देहावसान आठवलं, आणि ती मोकळी सोडलेली तारखेची जागा. बस आली तेव्हा अरविंदला हाक मारावी लागली.

दिवसभर त्यांनी बगीचे पाहिले. परतीची गाडी तीच होती, पण हिवाळ्याचा दिवस, संध्याकाळी पाचलाच अंधार पडला. गुणवंता खिडकीला नाक लावून बसला. काचेत डबा दिसत होता, दिवे दिसत होते आणि मधे त्याचंच तोंड. त्यानं हातांचा आडोसा करून पाहिलं, डोळे फाडून पाहिलं. मधूनच एखादा दिवा यायचा आणि कशाचा ते कळायच्या आत जायचा. टोकियो येईपर्यंत तो तसाच बसून होता. लाज आता कुठं यायला लागली होती, आणि आल्यावर ती हलायचं नाव घेईना.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं त्याला आपल्या खोलीत बोलावलं आणि एक वही उघडून दाखवली. वहीत देशोदेशीची पोस्टाची तिकिटं चिकटवलेली होती. शेवटच्या पानावर हिंदुस्थानचं तिकीट होतं, पाकिटाच्या फाटलेल्या कोपऱ्यासकट. म्हातारा पुन्हा कमरेत वाकला. न विचारता घेतलं म्हणून तो काल माफी मागत होता, हे गुणवंताला आता समजलं. त्यानं हातानंच ठीक आहे म्हटलं. त्या बिचाऱ्यावर काय रागवायचं.

एप्रिलात तो घरी आला. पांढुर्ण्याच्या फलाटावर भिवाजी धुतलेलं धोतर नेसून उभे होते. वच्छलेला मुलगा झाला होता, दोघं सुखरूप होती. आणि भोपाळहून हुकूम आला होता, बदली सौसरला. अंगठ्याची दरखास्त कामाला आली होती. गुणवंता पाया पडायला वाकला आणि वर यायला त्याला जरा वेळ लागला. भिवाजींना वाटलं प्रवासानं थकला.

चहा झाल्यावर भिवाजी खाटेवर मांडी घालून बसले. प्रभाकर गुरुजी आलेले, शेजारचा चिंधू आलेला, मनकर्णाबाई दाराशी टेकलेली. गुणवंतानं तयारी करून ठेवली होती. अरविंदकडून त्यानं सगळं काढून घेतलं होतं, डोंगर कसा, समुद्र कुठं लागतो, शेतात माणसं काय करत होती. खोटं बोलायचं तर तेही नीट बोलावं असं त्यानं ठरवलं होतं.

"मंग," भिवाजी म्हणाले, "सांग. काय काय दिसलं?"

गुणवंतानं तोंड उघडलं. बापाची भुवई, तिच्यावरची ती खूण, खालचे दोन डोळे त्याच्याकडं लागलेले. डोंगर जिभेवर आला होता. तो पुढं सरकेना.

"काहीच दिसलं नाही, बाबा," तो म्हणाला.

याच्यापुढं सगळं सांगायचं, असं त्याच्या मनात होतं. पाकीट, कोपरा, भोपाळचा अर्ज, सगळं. भिवाजींनी मांडीवर थाप मारली.

"येवढ्या जोरात जाते?"

सगळे त्याच्याकडं पाहत होते. चिंधूचं तोंड उघडंच राहिलेलं.

"हो," गुणवंता म्हणाला.

झालं. तो दिवस आणि आजचा दिवस, सावरगावात त्या गाडीची गोष्ट भिवाजी सांगतात आणि गुणवंता ऐकतो. सौसरहून तो रोज घरी येतो, बापलेक एका ताटलीतला चिवडा खातात, रात्री अंगणात खाटा शेजारी असतात. गुणवंताला जे हवं होतं ते सगळं मिळालं, बाप जिवंत असून मिळालं. दिवाळीनंतर संत्री निघाली तेव्हा बगीच्यात पांढुर्ण्याचे व्यापारी आले होते. गुणवंता झाडाखाली बसून टोपल्यांना गवत लावत होता आणि भिवाजी व्यापाऱ्यांना तेच सांगत होते. गाडी अशी पळते का खिडकीतून काईच दिसत नाही, ना झाड, ना माणूस. व्यापारी हसले. एक म्हणाला, बुढेबाबा, तुमचा पोरगा तिकडं झोपला असेल.

भिवाजी रागावले नाहीत. त्यांनी एक संत्रं उचललं, धोतराला पुसलं आणि गुणवंताकडं बोट केलं.

"दुसरा असता तर त्यानं मले हजार गोष्टी सांगतल्या असत्या," ते म्हणाले. "ह्यो सरळ म्हने, काईच दिसलं नाही. माहा पोरगा आजपर्यंत माह्यापाशी एक शब्द खोटा बोलला नाही."

गुणवंतानं गवताची मूठ टोपलीत पसरली, वर संत्री रचली आणि पुढची टोपली ओढली.